नागपुरात घर आत्ता घ्यावं की थांबावं?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हिंगणा तालुक्यातल्या गोधनी (रिठी) आणि लाडगाव या मौजांत सुमारे ६९२ हेक्टरवर 'नवीन नागपूर' वसवायला मंजुरी दिली. शहराभोवती १४८ किलोमीटरच्या बाह्य वळणमार्गालाही तेव्हाच हिरवा कंदील मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला, मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याचं काम सुरू आहे आणि रिझर्व्ह बँकेने व्याजदर खाली आणले आहेत. एवढं सगळं एकदम आल्यावर भाड्याने राहणाऱ्या प्रत्येक घरात एकच चर्चा चालू झाली आहे. स्कीमवाले, म्हणजे फ्लॅट बांधून विकणारे बिल्डर, म्हणतात, आत्ता नाही घेतलं तर पुढे हात लागणार नाही. ऑफिसमधला कोणीतरी म्हणतो, थांब, भाव खाली येतील. दोघंही खात्रीने बोलतात, आणि ऐकणारा नवरा-बायकोचा जोडा रात्री बसून पुन्हा त्याच हिशेबाशी येतो.

माझं मत आधीच सांगतो. राहायला घर घेणाऱ्यासाठी बाजाराचं वर्ष कोणतं, हा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. त्या घरात किती वर्षं राहणार, हप्ता किती झेपतो आणि कागद किती स्वच्छ आहे, या तीन गोष्टी त्याच्यापेक्षा जास्त पैसे वाचवतात किंवा बुडवतात. हे का, ते आकड्यांनिशी पाहू.

'नागपूरचा भाव' म्हणजे नेमका कुठला?

कळमना मार्केटात जाऊन "आज संत्र्याचा भाव काय?" असं विचारलं तर अडत्या उलट विचारेल, आंबिया बहाराचं की मृगाचं, मोठं फळ की बारीक, कुठल्या ढेरीचं? घरांचं तसंच आहे. एकाच शहरात किमान तीन वेगळे बाजार चालतात.

पहिला जुन्या पश्चिम नागपूरचा: धरमपेठ, रामदासपेठ, लक्ष्मीनगर, धंतोली. इथे मोकळी जागा उरली नाही. जुना बंगला पाडून तिथे फ्लॅट स्कीम उभी राहते, म्हणजे पुरवठा एकेका बंगल्याने वाढतो. भाव चढे राहतात ते यामुळे.

दुसरा मधल्या पट्ट्याचा: मनीषनगर, बेसा, बेलतरोडी, नरेंद्रनगर, दाभा, झिंगाबाई टाकळी. नोकरदार माणूस दोन किंवा तीन बेडरूमचा फ्लॅट इथेच शोधतो. इथे दर वर्षी नव्या स्कीम येतात, आणि त्यांच्यामागे आणखी पुढे अजून मोकळी जमीन दिसत असते.

तिसरा बाजार शहराबाहेरच्या लेआउटचा: जामठा, बुटीबोरी, हिंगणा, उमरेड रोड, कळमेश्वरकडचा भाग. तिथे घर क्वचितच विकलं जातं. तिथे विकला जातो तो प्लॉट आणि त्याच्यासोबत भविष्य.

'भाव वीस टक्के वाढले' अशी बातमी वाचली की आधी विचारा, या तिघांपैकी कोणाचे? बहुतेक वेळा ती तिसऱ्या बाजारातल्या जमिनीची गोष्ट असते. बेसातल्या सात वर्षं जुन्या फ्लॅटला ती लागू होत नाही.

मुंबईहून बदली होऊन आलेल्या माणसाचा इथे गोंधळ होतो. मुंबईला समुद्र आहे, खाडी आहे, जागा संपते. नागपूरला चारही दिशा मोकळ्या आहेत. मागणी वाढली की शहर बाहेर सरकतं. त्यामुळे मधल्या पट्ट्यातल्या साध्या फ्लॅटचा भाव एकदम उडी मारत नाही. समोर दुसरी स्कीम उभी राहते आणि गिऱ्हाईक तिकडे जातं. घाईचा दबाव या पट्ट्यात खरं तर सगळ्यात कमी असायला हवा.

फ्लॅट घेता म्हणजे जमीन किती घेता?

काळानुसार वाढते ती जमीन. इमारत झिजते: लिफ्ट जुनी होते, गच्ची गळते, काळ्या मातीवरचा पाया नीट घेतला नसेल तर भिंतींना तडे जातात. फ्लॅटच्या किमतीत दोन्ही असतात, म्हणून तुमच्या वाट्याला जमीन किती येते हे पाहावं लागतं. नागपुरात बऱ्याच फ्लॅटच्या विक्रीपत्रात हा वाटा टक्केवारीत लिहिलेला असतो. त्याला अविभक्त हिस्सा म्हणतात. आठ फ्लॅटच्या जुन्या स्कीममध्ये तो चांगला भरतो, उंच टॉवरमध्ये अगदी थोडा. पंधरा वर्षांनी विकताना फरक पडतो तो इथे. लोक मॉड्युलर किचनचे फोटो पाहतात, ही ओळ वाचत नाहीत.

"पण नवीन नागपूर येतंय, मेट्रो येतेय. भाव वाढणार नाहीत का?"

वाढतीलही. पण घोषणेने वाढणारा भाव घोषणेच्या दिवशीच विकणाऱ्याच्या तोंडी येतो. सोय मात्र यायला वर्षं लागतात.

मिहानचा, म्हणजे विमानतळाला लागून उभ्या राहिलेल्या मालवाहतूक आणि उद्योगांच्या प्रकल्पाचा, अनुभव शहराला आहे. तो उभारणारी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ मध्ये स्थापन झाली आणि त्यानंतर वर्धा रोडवर प्लॉटच्या जाहिरातींचा पूर आला. टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस, एम्स, आयआयएम हे सगळं पुढे खरोखर आलं. आयआयएमच्या स्वतःच्या कॅम्पसचं उद्घाटन मे २०२२ मध्ये झालं. म्हणजे मिहान फसलं असं म्हणणं चूक आहे. पण पहिल्या जाहिरातींच्या भावात ज्यांनी कर्ज काढून प्लॉट घेतले, त्यांनी मधली सगळी वर्षं व्याज भरलं आणि तिथे राहिलेही नाहीत. मेट्रोही तशीच: भूमिपूजन ऑगस्ट २०१४ मध्ये, पहिला भाग सुरू झाला मार्च २०१९ मध्ये, पहिला टप्पा पूर्ण झाला डिसेंबर २०२२ मध्ये. शहरातल्या मेट्रोलाही आठ वर्षं लागली.

म्हणून राहण्यासाठी घर घेणाऱ्याने एवढंच धरून चालावं: जी सोय आज चालू आहे तिचे पैसे द्यावेत, नकाशावर आहे तिचे देऊ नयेत. ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर या मार्गांवर गाडी आज धावते. कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि कापसीकडचे विस्तार दुसऱ्या टप्प्यात आहेत. या दोन्ही ठिकाणच्या घरांचा भाव सारखाच मागत असतील तर तिथे घासाघीस करायला तुमची बाजू भक्कम आहे.

व्याजदर खाली आलेत, मग हीच वेळ ना?

रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना थोड्या मुदतीसाठी पैसे देते तो रेपो दर. फेब्रुवारी २०२५ पर्यंत तो ६.५ टक्के होता, वर्षअखेरीस ५.२५ टक्क्यांवर आला. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या व्याजाची नवी गृहकर्जं अशा बाहेरच्या दराला जोडलेली असतात, म्हणून रेपो हलला की हप्ता किंवा कर्जाची मुदत हलते.

यातला 'बदलत्या' हा शब्द लोक विसरतात. आज स्वस्त मिळालेलं कर्ज वीस वर्षं स्वस्त राहील असं कोणी लिहून देत नाही. मे २०२० मध्ये रेपो ४ टक्के होता. त्या वेळी कर्ज काढलेल्यांनी मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत तो अडीच टक्क्यांनी वर जाताना पाहिला. अनेकांचा हप्ता तेवढाच राहिला, पण वर्षं वाढली. कर्ज निवृत्तीच्या पलीकडे गेलं आणि ते बँकेचा कागद हातात येईपर्यंत कळलंही नाही.

४० लाखांचं वीस वर्षांचं कर्ज धरा. ८ टक्क्यांनी हप्ता येतो सुमारे ३३,४५०. दर अर्धा टक्का उतरला तर ३२,२००, म्हणजे महिन्याला साडेबाराशेच्या आसपास फरक. तेच घर दोन लाखांनी कमी करून मिळालं तर हप्ता १,६७० ने उतरतो. व्याजदर आणखी पडायची वाट पाहण्यापेक्षा भाव नीट बोलणं फायद्याचं आहे. शिवाय दर पुढे पडलाच तर तुमचा हप्ताही खाली येतो, आणि बदलत्या व्याजाच्या कर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा दंड बँकेला घेता येत नाही. त्यामुळे व्याजदर हे ना घाईचं कारण, ना थांबण्याचं.

त्याचा उपयोग एकाच ठिकाणी आहे. आजच्या दरात २ टक्के मिळवून हप्ता काढा. वरच्या कर्जाचा १० टक्क्यांनी होतो ३८,६००. हा हप्ता घरखर्च, मुलांची फी आणि आईवडिलांची औषधं भागवून देता येत असेल तर कर्ज तुमच्या आवाक्यातलं आहे. येत नसेल तर घर लहान बघा किंवा वेळ घ्या.

"भाडं म्हणजे पैसे पाण्यात" हे खरं का?

हे वाक्य आपल्याकडे सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं, आणि बोलणारा आपल्या मायेचाच असतो. पण हिशेब नीट मांडला पाहिजे, कारण व्याजही परत येत नाही.

उदाहरण घेऊ. फ्लॅट ५० लाखांचा. तसाच फ्लॅट भाड्याने घेतला तर महिना १४,००० धरा. घेणाऱ्याने १० लाख स्वतःचे घातले, ४० लाख कर्ज. मुद्रांक शुल्क आणि अधिभार मिळून नागपूर शहरात साधारण ७ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. नोंदणी फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३०,०००. खिशातून गेले १३ लाख ८० हजार.

पहिल्या वर्षी तो हप्त्यांपोटी चार लाख भरतो, त्यातले सुमारे ३ लाख १७ हजार व्याजात जातात. मेंटेनन्स आणि मालमत्ता कर मिळून ३४,००० धरू. खिशातले १३.८ लाख साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत असते तर ९०,००० मिळाले असते, तेही गेले. एकूण परत न येणारा खर्च सुमारे ४ लाख ४१ हजार. भाडेकरूचा परत न येणारा खर्च १ लाख ६८ हजार. फरक पावणेतीन लाखांच्या आसपास. घराचा भाव त्या वर्षात साडेपाच टक्के वाढला तरच दोघं बरोबरीत येतात.

आता हेच पाच वर्षं चालवू. भाडेकरूचं भाडं दर वर्षी ६ टक्के वाढतं, पण घर घेणाऱ्याचा हप्ता-मेंटेनन्स आणि आपलं भाडं यांतला फरक तो दर महिन्याला न चुकता साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत टाकतो. घराचा भाव वर्षाला ५ टक्के वाढून ६४ लाख होतो. पाच वर्षांनी त्याच्याकडे जमले सुमारे ३३ लाख. मुद्रांकासह घर पडेल साडेअडुसष्ट लाखांना, म्हणजे त्याला कर्ज लागेल ३५ लाखांच्या थोडं वर. आणि ज्याने आधी घर घेतलं, त्याचं पाच वर्षांनी किती कर्ज उरलं? सुमारे ३५ लाख!

दोघं जवळपास एकाच जागी. भाव वर्षाला ८ टक्के वाढले तर आधी घेणारा दहा लाखांनी पुढे. २ टक्केच वाढले तर थांबणारा नऊ लाखांनी पुढे. कुठलं वर्ष कसं जाईल हे तुम्हाला, मला किंवा स्कीमवाल्याला आज माहीत नाही. पण एक गोष्ट पक्की आहे: थांबणाऱ्याचं गणित फक्त तेव्हाच जुळतं, जेव्हा तो फरकाची रक्कम खरोखर बाजूला टाकतो. ती रक्कम नव्या गाडीत आणि सुट्ट्यांत गेली तर पाच वर्षांनी त्याच्याकडे ना घर असतं, ना पैसा. वडीलधारी माणसं "घर घेऊन टाक" म्हणतात त्यात हा शहाणपणा आहे. हप्ता माणसाला जबरदस्तीने बचत करायला लावतो, आणि ही गोष्ट क्षुल्लक नाही.

किती वर्षं राहणार, हे आधी ठरवा

वरच्या हिशेबात लपलेली एक गोष्ट बाहेर काढतो. मुद्रांक आणि नोंदणीचे ३ लाख ८० हजार हे पहिल्याच दिवशी जातात आणि विकताना परत मिळत नाहीत. विकताना दलालीही असते. घर तीन वर्षांत विकलं तर हा खर्च वर्षाला अडीच टक्क्यांनी अंगावर येतो, दहा वर्षं राहिलात तर पाऊण टक्क्याने. शिवाय सुरुवातीचे हप्ते मुख्यतः व्याजातच जातात. ४० लाखांच्या कर्जावर दहा वर्षं हप्ते भरूनही साडेसत्तावीस लाख बाकी असतात. हे बघून अनेकांना धक्का बसतो.

म्हणून ज्याची नोकरी पुण्या-हैदराबादकडे जायची शक्यता आहे, ज्याचं लग्न अजून व्हायचं आहे, किंवा आईवडिलांना कुठे ठेवायचं हे ठरलेलं नाही, त्याने पाच वर्षांच्या आतल्या गरजेसाठी घर घेऊ नये. सात-आठ वर्षं किंवा जास्त राहणार हे नक्की असेल, हप्ता झेपत असेल आणि कागद साफ असेल, तर त्याने बाजाराची वाट पाहत बसू नये. मधल्या दोन-तीन वर्षांत मत बदलण्याजोगं काही घडेल असं वाटत असेल तर भाड्याच्या घरात राहणं हा कमीपणा नाही.

"करात तर सूट मिळते ना?" जुन्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर २ लाखांपर्यंत वजावट मिळते. नव्या प्रणालीत ती मिळत नाही, आणि बहुतेक पगारदार आता नव्या प्रणालीतच आहेत. तुमची कुठली आहे ते पाहूनच हा मुद्दा हिशेबात धरा.

जाहिरातीतला आकडा आणि खरा आकडा

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी ५ टक्के लागतो. किंमत ४५ लाखांपर्यंत आणि चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर तो १ टक्काच (नागपूर महानगरांच्या यादीत नाही म्हणून ही मर्यादा ९०, मुंबईला ती ६०). ४४ लाखांच्या घरावर जीएसटी ४४,०००, ४६ लाखांच्या घरावर २ लाख ३० हजार. दोन लाखांच्या फरकाने जवळपास दोन लाखांचा कर वाढतो, हे बोलणी करताना डोक्यात ठेवा. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला) मिळालेल्या तयार घरावर आणि जुन्या घरावर जीएसटी नाही. पूर्ण घर महिलेच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. माझं आग्रहाचं मत, ती घ्याच; पैसेही वाचतात आणि घरातल्या बाईच्या नावे एक पक्की गोष्ट राहते.

बँक ३० लाखांच्या वर, ७५ लाखांपर्यंतच्या कर्जासाठी किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, आणि मुद्रांक-नोंदणी त्या किमतीत धरत नाही. ती रक्कम स्वतःच्या खिशातून उभी करावी लागते. पार्किंग, वीज मीटर, वर्षाचा आगाऊ मेंटेनन्स वेगळा. ५० लाखांच्या घराला हातात पंधरा-सोळा लाख नसतील तर तुम्ही अजून तयार नाही, बाजार कसाही असो.

विकणारा "थोडे रोखीत द्या" म्हणाला तर नाही म्हणा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला कायद्याने बंदी आहे, आणि कागदावर नसलेल्या पैशाचा पुरावा तुमच्याकडे काहीच राहत नाही.

नागपुरातला खरा धोका भावाचा नाही, कागदाचा आहे

या शहरात भाव पडून उद्ध्वस्त झालेली कुटुंबं मला माहीत नाहीत. चुकीच्या कागदावर आयुष्याची कमाई टाकून बसलेली माहीत आहेत. म्हणून इथे थोडं थांबू.

नागपूर शेतजमिनींवर पसरलं. गृहनिर्माण संस्था, शेतकरी, दलाल यांनी खसऱ्याचे (शेताच्या सर्व्हे क्रमांकाचे) तुकडे पाडून प्लॉट विकले, नकाशा मंजूर न करता. सुधार प्रन्यासने (शहराच्या विकासाचं काम बघणारी सरकारी संस्था) नियमित करायला घेतलेल्या अशा अभिन्यासांमुळे, म्हणजे लेआउटमुळे, ५७२ आणि १९०० हे त्यांच्या संख्येचे आकडे इथल्या बोलण्यात रुळले. गुंठेवारीचा, म्हणजे असे तुकडे पाडून विकलेले प्लॉट नियमित करण्याचा, कायदा २००१ चा. आधी १ जानेवारी २००१ पूर्वीच्या प्लॉटपुरता होता, २०२१ च्या दुरुस्तीने मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. प्लॉट नियमित झाला, विकास शुल्क भरलं की जे पत्र मिळतं ते आरएल. प्लॉटच्या जाहिरातीत 'एनए, टीपी, आरएल' असं असतं ते हे: जमीन अकृषक झाली, नगररचना विभागाने अभिन्यास मंजूर केला, आणि प्लॉट बांधकामासाठी मोकळा झाला. 'प्रक्रियेत आहे' असं कोणी म्हटलं तर त्याचा अर्थ 'नाही' असा घ्या आणि तसाच भाव लावा.

आधी विचारा, ही जागा कुणाच्या हद्दीत आहे: महापालिका, सुधार प्रन्यास की महानगर प्रदेश विकास प्राधिकरण? त्याच कार्यालयात जाऊन मंजूर नकाशाशी ताडून पाहा; विकणाऱ्याने दिलेली झेरॉक्स पुरेशी नाही. विकास आराखड्यात त्या प्लॉटवर मैदान, शाळा किंवा रस्त्याचं आरक्षण तर नाही? शहरात आखीव पत्रिका (जमिनीच्या मालकीचा शहरी उतारा) आणि बाहेर सातबारा विकणाऱ्याच्या नावाशी जुळतो का? जमीन नझूलची (सरकारी मालकीची) किंवा प्रन्यासच्या भाडेपट्ट्याची असेल तर पट्ट्याची मुदत आणि हस्तांतरणाची परवानगी पाहा. तीस वर्षांचा शोध अहवाल स्वतःच्या वकिलाकडून घ्या. बँकेच्या वकिलाने पाहिलं म्हणजे झालं असं समजू नका. तो बँकेसाठी पाहतो.

नव्या स्कीममध्ये महारेराचा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक आणि जाहिरातीवरचा क्यूआर कोड असतो. तो स्कॅन करून ताबा देण्याची तारीख, मंजूर मजले, चालू असलेले खटले बघता येतात. स्कीमवाल्याने तोंडी सांगितलेली तारीख आणि तिथली तारीख वेगळी असेल तर तिथलीच खरी. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त पैसे मागता येत नाहीत. जुन्या इमारतीत भोगवटा प्रमाणपत्र विचारा, आणि तुमचा फ्लॅट मंजूर नकाशात आहे ना हे बघा.

बघायचं कधी, बोलायचं कधी

घर दोनदा बघा: एकदा मे महिन्यात दुपारी तीनला, एकदा भर पावसात. मे मध्ये वरच्या मजल्यावरचा पश्चिमेचा बेडरूम काय असतो ते कळतं, आणि नळाला पाणी येतं की टँकर, तेही. पावसाचं सांगायला २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट पुरे. अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं. अंबाझरी लेआउट, शंकरनगर, धरमपेठ हे शहरातले महागडे भाग. तिथे तळमजल्यावरची घरं आणि गाड्या बुडाल्या. म्हणून महाग वस्ती म्हणजे सुरक्षित वस्ती असं धरू नका. शेजाऱ्यांना विचारा, त्या रात्री पाणी कुठपर्यंत आलं होतं.

भाव बोलायला गर्दीचा काळ वाईट. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा-दिवाळीत ऑफर असतात, पण सूट किमतीत कमी आणि सोन्याच्या नाण्यात जास्त असते. मार्चमध्येही धावपळ असते, कारण रेडी रेकनरचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या किमान किमतीचे दर १ एप्रिलला बदलू शकतात. दोन वर्षं तसेच राहिलेले दर एप्रिल २०२५ मध्ये वाढले. पण ५० लाखांच्या घरावर रेकनर ४ टक्क्यांनी वाढला तरी मुद्रांकाचा फरक फार तर १४,००० होतो, आणि करारातली किंमत आधीच रेकनरच्या वर असेल तर काहीच नाही. त्यासाठी मार्च अखेरीस घाईने सही करणं परवडत नाही. पितृपक्षात बुकिंग थंडावतं. ज्याला मुहूर्ताची अडचण नाही त्याने बोलणी तेव्हा करावीत आणि रजिस्ट्री नंतर शुभ दिवशी करावी.

थांबायचं ठरलं तर

हप्ता आणि भाड्यातला फरक पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात वळवा. त्याने दोन कामं होतात: रक्कम जमते, आणि आपण तो हप्ता खरोखर देऊ शकतो का हे कर्ज न काढता कळतं. सहा महिने जमलं नाही तर ते घर तुमच्यासाठी महाग आहे, हे आत्ताच कळलेलं बरं. क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि गाडीचं कर्ज याच काळात संपवा. भाड्याचा अकरा महिन्यांचा करारही नोंदवून घ्या. आणि बेसा-मनीषनगरात घर घ्यायचा विचार असेल तर आधी तिथेच भाड्याने राहून पाहा. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, त्यामुळे भाड्याची घरं मे-जूनमध्ये रिकामी होतात. तेव्हा शोधा.